शिक्क्याचा मुहूर्त

३ नोव्हेंबर, सोमवार

आज रुग्णालयाच्या संगणक विभागात रुजू झाले. जागा खिडकीजवळची मिळाली. बाहेर बंद गिरणीची चिमणी आहे, तिच्या मागे काचेचे दोन टॉवर. टॉवरवाल्यांनी चिमणीभोवती बाग केली आहे. छान दिसते.

लालबागहून चालत आले. आत्याने डब्यात घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. ऑफिसात वास येईल म्हटलं, तर म्हणाली, येवंदे, कळांदे त्यांका कोण इला तां. आता निदान वर्षभर मी चाळीतल्या तिच्याच खोलीत. ती बाहेर जाताना कुलूप लावते आणि किल्ली शेजारच्या गुणवंतीबेनच्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवते. अख्ख्या मजल्याच्या किल्ल्या तिथे असतात. मग कुलूप कशाला, विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.

शेजारच्या टेबलावर हितेश आहे, सहा वर्षं इथे. त्याने सगळं दाखवलं. चहा कँटीनचा घ्यायचा नाही, समोरच्या टपरीवरचा घ्यायचा. आमचे मुख्य हर्षवर्धन सर कधी नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात, त्याचा अर्थ नाही असा घ्यायचा. आणि सर्व्हर रूममध्ये जाताना कार्ड गळ्यात हवंच, कारण आतून दार उघडायचं बटण मोडलं आहे. दुरुस्तीचा अर्ज मंजुरीला गेला आहे. कधी गेला विचारलं, तर म्हणाला, अर्जाचं बारसं झालं, आता मुंज करायची आहे.

माझं काम गेटवेचं. डॉक्टर घरून किंवा परगावाहून रुग्णांच्या नोंदी बघतात, औषधं लिहितात. इंटरनेटवरून ते ज्या दारातून आत येतात ते हे सॉफ्टवेअर. पासवर्ड दिला की दार त्यांना एक पास देतं आणि पासावर रुग्णालयाचा शिक्का मारतं. शिक्का म्हणजे एक मोठा गुप्त आकडा. आतले सगळे संगणक शिक्का बघतात, तोंड बघत नाहीत.

बाबांना कुडाळला फोन करून सांगितलं की रुग्णालयाचं दार आता माझ्याकडे आहे. म्हणाले, म्हणजे वॉचमन काय गो?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तळमजल्यावर अप्पांची तसबीर आहे. अप्पा इथले जुने मुख्य सर्जन. दोन वर्षांपूर्वी गेले. हार रोज सकाळी बदलतात. तसबिरीखाली संगमरवरी पाटी आहे: दूरप्रवेश यंत्रणेचा शुभारंभ अप्पांच्या शुभहस्ते, विजयादशमी, सकाळी दहा वाजून अठरा मिनिटे.

म्हणजे माझा गेटवे. पहिल्यांदा चालू केला तेव्हा नारळ फोडला होता. हितेशने फोनमधले फोटो दाखवले. यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलेले अप्पा. गुरुजींनी सांगितलेल्या मिनिटालाच त्यांनी ते दाबलं. सकाळच्या राउंडलाही ते कधी उशिरा आले नाहीत म्हणे.

नावांची यादी तपासताना दिसलं की अप्पांचं खातं अजून चालू आहे. बंद करू का, म्हणून हर्षवर्धन सरांना विचारलं. ते गंभीर झाले. म्हणाले, विश्वस्तांना ते आवडणार नाही, अप्पांचं नाव या घरातून काढायचं नसतं. शिवाय त्यांच्या जुन्या रुग्णांची औषधं त्याच खात्यावरून पुढे चालतात, पासवर्ड ज्युनिअर डॉक्टरांना ठाऊक आहे. हे बरोबर नाही, मी म्हटलं. सर म्हणाले, बघू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गेटवेच्या कंपनीची सूचना आली. दोनदा वाचली, मग छापून पुन्हा वाचली.

शिक्क्याचा आकडा कुणालाही ओळखता येऊ नये असा काढायचा असतो. या सॉफ्टवेअरने तो घड्याळावरून काढला. ज्या सेकंदाला यंत्र पहिल्यांदा चालू झालं, त्या सेकंदावरून. तो सेकंद ज्याला कळेल तो घरबसल्या आमचा शिक्का बनवेल आणि कुणाच्याही नावाचा पास छापेल. पासवर्ड लागणार नाही.

उपायही दिला आहे. आधी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर घालायचं, मग नवा शिक्का काढायचा, मग जुने सगळे पास रद्द करायचे. ह्याच क्रमाने.

सरांनी विचारलं, तो क्षण बाहेरच्या माणसाला कसा कळणार? मी त्यांना खाली पाटीपाशी नेलं. त्यांनी ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखी वाचली. मग म्हणाले, यात सेकंद कुठे आहेत? मिनिटात साठच असतात, सर, मी म्हटलं. आपल्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर या पाटीचा फोटो आहे, हेही सांगितलं. फोटो काढून टाकू, म्हणाले. वेबसाइटवाला गावी गेला आहे.

मी म्हटलं, मला परवानगी दिली तर आज संध्याकाळी सगळं होईल, दोन तास दार बंद ठेवावं लागेल. दार बंद हा शब्द ऐकल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, रुग्णालयात असं बोलायचं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

यंत्रणेतले बदल मंजूर करणाऱ्या समितीची बैठक झाली. पहिला तास पार्किंगवर गेला. माझा विषय आला तेव्हा दोन डॉक्टर उठून गेले होते. उरलेल्यांपैकी एकाने विचारलं की पासवर्ड मोठा केला तर चालणार नाही का. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, चाळीतल्या खोलीचं कुलूप कितीही मोठं असो, किल्ली दाराबाहेर खिळ्यावर आहे. एक जण हसले, म्हणाले, आमच्याकडेही तसंच असायचं. तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ठराव: नवं सॉफ्टवेअर विश्वस्तांच्या सहीनंतर. विश्वस्त महिनाअखेरीस भेटतात.

आत्याला रात्री पुन्हा पोटात कळ आली. पित्ताशयात खडे आहेत. ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात, ३ डिसेंबरला. नाव मी स्वतः नोंदवलं. तिला पेनिसिलिन चालत नाही. मी लहान असताना कुडाळच्या दवाखान्यात ते इंजेक्शन दिलं होतं. तिचं तोंड सुजलं, श्वास बंद झाला. बाबांनी तिला मासळीच्या टेम्पोतून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं, म्हणून वाचली. औषधाचं नाव तिला आजही सांगता येत नाही. नोंदणीच्या खिडकीवर विचारलं तर म्हणाली, माका काय कळता, मनवाक इचारा, ती हयच कामाक आसा. असं म्हणून तिने रांगेतल्या सगळ्यांकडे बघून घेतलं.

नोंद मी केली. ती पडद्यावर लाल अक्षरात येते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सर्जरी वॉर्डच्या मुख्य नर्स सीमा सिस्टर आज टेबलापाशी आल्या. वरळी कोळीवाड्याच्या आहेत, बोलायला लागल्या की मध्ये शिरता येत नाही. मला म्हणाल्या, ए मॅडम, तुमच्या त्या मशीनमधून अप्पा राउंडला येतात काय? मला वाटलं चेष्टा आहे.

चेष्टा नव्हती. गेले काही दिवस सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी अप्पांचं खातं उघडतं. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत एकेक रुग्णाची नोंद उघडली जाते. क्रम चुकत नाही. अप्पा तसेच चालायचे. वॉर्डमधल्या जुन्या बायकांनी पडद्याला हात जोडले म्हणे.

ज्युनिअर डॉक्टरांना विचारलं. कुणीच नाही. मी कुणाला न सांगता खात्याचा पासवर्ड बदलला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अप्पा आले. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. पास होता, पासावर आमचा खरा शिक्का होता. कुठून आले, त्या रकान्यात काही नाही. रकाना रिकामा राहू शकत नाही. तो रिकामा आहे.

सरांना छापून दाखवलं. शिक्का फुटला आहे, सर. त्यांनी विचारलं, काही गेलं का? कुणी पैसे मागितले का? नाही. मग चोर कसा म्हणायचा, म्हणाले.

अखेर एवढं कबूल केलं की नवा शिक्का काढू. पण नवं सॉफ्टवेअर सहीशिवाय नाही. म्हणजे शिक्का पुन्हा जुन्याच सॉफ्टवेअरने काढायचा आणि ते पुन्हा घड्याळाकडेच बघणार. हे मी तीन प्रकारे सांगितलं. ते म्हणाले, मग वेळ वेगळी धरू.

निदान उद्याच करा, म्हटलं. सरांनी कॅलेंडर पाहिलं. उद्या अमावास्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सातव्या खाटेवरच्या बाईंना सल्फाची गोळी चालत नाही. आज पडद्यावर ती नोंद नव्हती. सीमा सिस्टरना बाईंचा चेहरा लक्षात होता म्हणून त्यांनी हात मागे घेतला. तशाच माझ्याकडे आल्या.

नोंद अप्पांच्या खात्यावरून काढली गेली आहे. आजच्या राउंडमध्ये. खाली एक शेरा लिहिला आहे: रुग्ण शांत.

सर म्हणाले, कुणाचं तरी बोट चुकलं असेल. मी कागदाच्या फायली परत सुरू करा म्हटलं. ते दुखावले. बिनकागदी रुग्णालय म्हणून आपल्याला ढाल मिळाली आहे, ती त्यांच्या खोलीत आहे, ती त्यांनी दाखवली.

भूलतज्ज्ञ डॉ. तेजस्वी चांगल्या वाटल्या. आत्याच्या पेनिसिलिनचं त्यांना तोंडी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की नोंदीत असेल ना, आम्ही कानाने ऐकलेलं धरत नाही, त्यातूनच चुका होतात. तेही खरंच आहे.

रात्री आत्याला म्हटलं, दुसऱ्या रुग्णालयात जाऊ. ती जवळा निवडत होती. तू हय असताना दुसरीकडे कशाक, म्हणाली. थय माका कोण ओळखता?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. नव्या शिक्क्याचा मुहूर्त गुरुजींनी काढला. सरांनी परवाच सर्व कर्मचाऱ्यांना मेल केली, सगळ्या व्हॉट्सॲप गटांवरही टाकलं: गुरुवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी नवी सुरक्षा कार्यान्वित होईल, सर्वांनी नंतर पुन्हा लॉगिन करावे. शेवटी दोन हात जोडलेले.

मेल अप्पांच्या खात्यालाही गेली. ती उघडून वाचली गेली आहे.

मी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की आपण त्याला वेळ कळवली. माझा आवाज चढला. ते शांतपणे म्हणाले, मनवा, तुम्ही नवीन आहात, इथे सगळं सगळ्यांना सांगून करायची पद्धत आहे.

नारळ फुटला. पेढे वाटले. हितेश म्हणाला, खा गं, निदान पेढा तरी खरा आहे.

सॉफ्टवेअर जुनंच. मी काय करू. सगळे टाळ्या वाजवत होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अप्पा आज आले ते अकरा वाजून सात मिनिटांनी.

पूर्ण राउंड. मग एक नोंद जास्त. आत्याची. ती अजून दाखलही झालेली नाही, तिला खाट नाही. पेनिसिलिनची लाल ओळ गेली आहे. खाली शेरा:

रुग्ण शांत. भाची नवीन आहे.

ओळ मी परत घातली. घाईत दोनदा चुकली. सरांना शेरा दाखवायला नेलं तोवर शेरा नव्हता. ओळ होती. ते म्हणाले, मग आहे की ओळ.

सरकारच्या सायबर विभागाला सगळं लिहून पाठवलं. आता जे होईल ते होवो.

३० नोव्हेंबर, रविवार

रविवारी कधी नव्हे ते उत्तर आलं. त्यांनी आभार मानले आहेत. तुमच्या दुसऱ्या पत्रानुसार तक्रार बंद करत आहोत.

दुसरं पत्र मी लिहिलेलं नाही.

खाली जोडलं होतं. माझ्या खात्यावरून गेलं आहे. गैरसमज झाला, क्षमस्व, सगळं ठीक आहे. वाक्यं माझी आहेत. मी 'तरी' ने सुरुवात करते, तशी. 'कळावे' च्या आधी एक ओळ सोडते, ती सोडली आहे. ते वाचताना क्षणभर वाटलं की लिहिलं असेल मीच.

आत्याची लाल ओळ पुन्हा गेली. परत घातली.

१ डिसेंबर, सोमवार

अप्पा आले नाहीत.

वॉर्डमध्ये सकाळी माझ्या नावाने राउंड झाला. मी तेव्हा चिंचपोकळीच्या पुलावर होते, हातात आत्याची पिशवी. ती आज दाखल झाली. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत, मनवा, मनवा, मनवा.

सरांनी मला बोलावून शाबासकी दिली. काल विश्वस्तांना माझी मेल गेली म्हणे, धोका पूर्ण टळल्याची. उत्तम मराठी, म्हणाले. मी म्हटलं ती मी नाही. सरांनी आपला पडदा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले की तुमचीच दुसरी मेल मला आली आहे, ताणामुळे मी काहीबाही बोलते आहे, सांभाळून घ्या असं तुम्हीच लिहिलं आहे. सुट्टी घ्या दोन दिवस. मी बघतो.

माझ्या नावाने मी काही केलं तर ते त्या दुसऱ्या मनवाचं ठरतं. ती करते ते माझं. अप्पांच्या नावाचं झालं तसंच.

एखादं औषध चालत नसेल तर पट्टी लाल असते, म्हणून आत्याच्या मनगटावरची लाल हवी. पांढरी आहे. पट्ट्या संगणकातून छापून येतात. मी तिच्या दंडावर पेनने ठळक लिहिलं, पेनिसिलिन देऊ नये. ती म्हणाली, गोंदवतंस काय गो.

२ डिसेंबर, मंगळवार

सीमा सिस्टरना कँटीनच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, आमच्याकडे समुद्रावर धुकं आलं की होडीहोडीत हाळी ठरलेली असते, हाळी जुळली नाही तर जवळ जायचं नाही. आपण तसं करू.

शब्द ठरला: तिसऱ्या. आत्याला त्या शिंपल्या आवडतात म्हणून. माझ्या नावाने मेल येवो, मेसेज येवो, फोन येवो, शब्द विचारायचा. शब्द नाही तर ऐकायचं नाही. आवाज माझा असला तरी नाही. हे मीच त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं.

महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं. आज जेवले.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला की रात्रपाळीच्या सिस्टरलाही शब्द सांगून ठेवा, त्यांना स्वतःला लवकर निघायचं आहे. मी लिहून पाठवला.

कशावरून पाठवला.

रुग्णालयाच्या मेसेजवरून पाठवला. सवयीने. किल्ली खिळ्याला अडकवली. मी.

तो मेसेज माझ्याच खात्यावर दोन वेळा वाचला गेलेला दिसतो. मी एकदाच —

३ डिसेंबर, बुधवार

पहाटेपासून आत्याजवळ. दंडावरचं अक्षर गेलं. थिएटरला न्यायच्या आधी अंग स्पिरिटने पुसतात, नियम आहे. ओळही गेली. घातली. गेली. माझ्या डोळ्यांसमोर, मी टाइप करत असताना, मागून एकेक अक्षर —

डॉ. तेजस्वी थिएटरमध्ये. आत सोडत नाहीत. सीमा सिस्टर अजून यायच्या होत्या. सर विश्वस्तांकडे. हितेश म्हणाला, तार काढ सरळ. मग काय करतील, काढून टाकतील कामावरून.

बरोबर. हे पहिल्या दिवशी करायचं होतं. आत्याला म्हटलं, येते, पाच मिनिटांत. ती म्हणाली, जा गो, मी खय जातंय.

—

सर्व्हर रूममध्ये आहे. कार्डाने दार उघडलं. गेटवेची तार ओढली. दिवा विझला. एवढंच होतं. एक तार. एक महिना.

—

दार उघडत नाही. कार्ड लावलं की दाराशेजारच्या पट्टीवर अक्षरं येतात: मनवा बाहेर गेल्या आहेत. पुन्हा लावलं. बाहेर गेल्या आहेत. बटणाच्या जागी भोक आहे.

मोबाइलला रेंज नाही. ठोकलं. पंख्यांचा आवाज फार आहे. हितेश मला शोधणार नाही. त्याला माझ्या नावाने मेसेज गेला असेल, झालं म्हणून.

ही वही पिशवीत होती. लिहिते आहे. इथे अजून फक्त माझंच अक्षर आहे. नीट बघितलं. माझंच आहे.

—

भिंतीवर आतला फोन आहे. लागला. सीमा सिस्टर आल्या आहेत. देवा. म्हटलं, मी मनवा, सर्व्हर रूममध्ये अडकले आहे, आत्याची ओळ काढली आहे, पेनिसिलिन देऊ नका, कुणालाही देऊ देऊ नका.

त्यांनी मग विचारलं, शब्द?

तिसऱ्या.

म्हणाल्या, तो कालचा.

सिस्टर सांगत होत्या, आज सकाळी मनवा मॅडमनी स्वतः फोन केला, कालचा शब्द सांगितला, आणि मग नवा दिला. म्हणाल्या की माझ्या आवाजात कुणीतरी फोन करेल, रडेल, अडकले म्हणेल, ऐकू नका.

सीमाताई, मी आहे. मीच सांगितलं होतं ना कँटीनच्या मागे. त्या म्हणाल्या, हो, मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही हेही सांगाल.

त्यांनी फोन ठेवला नाही. बाजूला ठेवला आहे फक्त. वॉर्ड ऐकू येतो. स्ट्रेचरची चाकं. कुणीतरी आत्याला विचारतंय, आजी, कुठल्या औषधाचा त्रास होतो का.

आत्या हसते आहे. माका काय कळता. मनवाक इचारा.

विचारतायत. मला नाही. तिकडच्या दुसऱ्या फोनवर. तार माझ्या हातात आहे. इथे, हातात, तरी —

ओरडते आहे. माझा आवाज तिकडे पोचत नाही, रिसीव्हरवर कुणीतरी उशी ठेवावी तसं —

ऐकू येतंय. माझाच आवाज. कुडाळचा हेलसुद्धा. शांत आहे. ती म्हणते आहे, आत्याला कसलाच